अकाउंट्सचं पहिलं सेमिस्टर: नावे-जमेपासून ताळेबंदापर्यंत

अकाउंट्स पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. सर फळ्यावर उदाहरण सोडवतात तेव्हा सगळं कळतं, आणि घरी वही उघडली की पहिल्याच नोंदीला पेन थांबतं. मग आपलं गणित कच्चं आहे, अशी समजूत करून घेतली जाते. खरं तर या विषयाच्या पहिल्या वर्षात बेरीज, वजाबाकी आणि थोडे टक्के यांच्यापलीकडे गणित नाहीच. पेन अडतं, कारण व्यवहार कुणाच्या बाजूने पाहायचा हे ठरलेलं नसतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पहिलं काम: धंद्याच्या खुर्चीत बसा

हिशोब धंद्याचा लिहायचा असतो, मालकाचा नाही. कायद्याच्या नजरेत दोघं एकच असले, तरी वहीत मालक हा एक बाहेरचा माणूस. त्याने धंद्यात पैसे घातले की धंद्याला रोकड मिळाली आणि धंदा त्याचं देणं लागला. 'भांडवल ही मालकाची संपत्ती, मग ते देण्यांच्या बाजूला कसं?' हा दर वर्षी वर्गात विचारला जाणारा प्रश्न इथेच सुटतो. मालकाने स्वतःसाठी पैसे काढले तर ती 'उचल'. तो धंद्याचा खर्च नव्हे, धंदा मालकाला जे देणं लागत होता ते तेवढं कमी झालं.

याच खुर्चीच्या घोळातून आणखी एक गैरसमज येतो, आणि तो पुढे महिनोन्‌महिने छळतो. आपण 'जमा' (क्रेडिट) हा शब्द पहिल्यांदा पाहिलेला असतो बँकेच्या पासबुकात. खात्यात पैसे भरले की तिथे 'जमा' दिसतं, त्यामुळे जमा म्हणजे आलेले पैसे हे डोक्यात पक्कं बसतं. पण पासबुक बँकेच्या खुर्चीतून लिहिलेलं असतं. तुम्ही पैसे भरलेत की बँक तुमचं देणं लागते, आणि देणं वाढलं म्हणून ती तुमचं खातं जमा करते. त्याच पैशांची नोंद तुमच्या वहीत 'बँक खाते नावे' (डेबिट) अशी होईल. दोन्ही नोंदी बरोबर आहेत, फक्त खुर्च्या वेगळ्या. पुढे आपली वही आणि पासबुक ताडून पाहणारं बँक जुळवणी पत्रक शिकाल तेव्हा अर्धं काम एवढ्या एका वाक्यावर चालेल.

दुसरं काम: नियमांच्या दोन पद्धतींपैकी एक निवडा

सगळ्याच्या मुळाशी एक समीकरण आहे:

मालमत्ता = देणी + भांडवल

कुठलाही व्यवहार घ्या, तो झाल्यावरही हे समीकरण जुळलेलंच राहतं. प्रत्येक व्यवहार किमान दोन खात्यांना हात लावतो, तो याचसाठी.

नावे काय आणि जमा काय हे ठरवायच्या दोन वाटा शिकवल्या जातात. जुन्या वाटेत खात्यांचे तीन प्रकार असतात. व्यक्ती खात्यात घेणारा नावे, देणारा जमा. वास्तव खात्यात येणारी वस्तू नावे, जाणारी जमा. नामधारी खात्यात खर्च आणि तोटे नावे, उत्पन्न आणि नफा जमा. दुसरी वाट समीकरणावरून जाते: मालमत्ता, खर्च आणि उचल वाढली की नावे, आणि देणी, भांडवल आणि उत्पन्न वाढलं की जमा. कमी झालं की उलट.

माझं मत विचाराल तर समजून घेण्यासाठी दुसरी वाट धरा. जुने नियम तोंडपाठ करणारी मुलं 'थकलेलं भाडं' या खात्याशी येऊन अडतात, कारण ते खातं व्यक्तीचं की नामधारी हेच त्यांना ठरवता येत नाही. समीकरणवाला सरळ म्हणतो, देणं वाढलं, म्हणून जमा. शिक्षक नोंदीमागचं कारण जुन्या नियमाने मागत असतील तर तेही येऊ द्या. पण एकाच उदाहरणात दोन्ही वाटांवर ये-जा करू नका.

नावे आणि जमा यांना 'वाईट' आणि 'चांगलं' असा अर्थही चिकटवू नका. वहीत त्या फक्त दोन बाजू आहेत, डावी आणि उजवी.

तिसरं काम: नोंद करण्याआधी व्यवहार साध्या भाषेत लिहा

ही क्लृप्ती माझी नाही. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने गणितावरचा एक मोठा ग्रंथ छापला आणि त्यात द्विनोंदी पद्धतीचं एक प्रकरण घातलं. पद्धत त्याने शोधली नव्हती, तिथले व्यापारी ती आधीपासूनच वापरत होते. त्याने ती नीट मांडली. त्याच्या मांडणीत वह्या तीन आहेत: रोजकीर्द आणि खतावणी तर आहेतच, पण त्यांच्याही आधी एक टिपणवही आहे, जिच्यात घडलेला व्यवहार जसाच्या तसा लिहायचा. आपण वर्गात ही पहिली वही गाळून थेट रोजकीर्दीवर उडी मारतो आणि तिथेच पडतो.

एक उदाहरण घेऊ. सायकल दुरुस्तीचा आणि सुट्या भागांच्या विक्रीचा छोटा धंदा आहे. रकमा कुठल्याही चलनात समजा. वर्षभरातले आठ व्यवहार टिपणवहीच्या भाषेत असे:

१. मालकाने १,००,००० रोख घालून धंदा सुरू केला.
२. ४०,००० ची अवजारं रोखीने घेतली.
३. ३०,००० चे सुटे भाग उधारीवर घेतले.
४. त्यातले काही भाग ३२,००० ला उधारीवर विकले.
५. गिऱ्हाइकाकडून १२,००० रोख आले.
६. भाडं ५,००० रोख दिलं.
७. पुरवठादाराला १०,००० रोख दिले.
८. मालकाने घरासाठी ३,००० रोख उचलले.

आता प्रत्येक व्यवहाराला तीन प्रश्न विचारा. कुठली दोन खाती हलली? प्रत्येक खातं कशाचं आहे, मालमत्ता, देणं, भांडवल, उत्पन्न की खर्च? ते वाढलं की घटलं?

चौथा व्यवहार जरा जवळून पाहू. पैसे आलेले नाहीत, म्हणून बरीच मुलं तो सोडूनच देतात. पण गिऱ्हाइकाकडे ३२,००० येणं झालं, आणि येणं ही मालमत्ता. ती वाढली, म्हणून ऋणको खाते नावे ३२,०००. विक्री हे उत्पन्न, तेही वाढलं, म्हणून विक्री खाते जमा ३२,०००. पुढे पाचव्या व्यवहारात पैसे येतात तेव्हा विक्रीला हात लावायचा नाही, ती तर आधीच झाली. तिथे रोख नावे १२,००० आणि ऋणको जमा १२,०००. पैसे आल्यावर पुन्हा विक्री जमा करणं ही पहिल्या सेमिस्टरमधली फार नेहमीची चूक आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या व्यवहारात 'खरेदी' हा शब्द सांभाळून वापरा. विकण्यासाठी घेतलेला माल तेवढा खरेदी खात्यात जातो. अवजारं वापरायला घेतली आहेत, त्यामुळे ती अवजारे खात्यात. आठव्यात उचल नावे, रोख जमा. बाकीच्या नोंदी तुम्ही करा, उत्तर पुढे येतंच आहे. प्रत्येक नोंदीखाली एका ओळीचं स्पष्टीकरण लिहायची सवय मात्र आत्ताच लावून घ्या. त्याला गुण असतात, शिवाय पंधरा दिवसांनी आपलीच वही वाचताना ते उपयोगी पडतं.

चौथं काम: खतावणी

रोजकीर्द तारखेवार असते, खतावणी खातेवार. एका खात्यात काय काय घडलं ते एका जागी आणायचं, एवढाच तिचा उद्देश. रोख खातं असं दिसेल: नावे बाजूला १,००,००० आणि १२,०००, एकूण १,१२,०००. जमा बाजूला ४०,०००, ५,०००, १०,००० आणि ३,०००, एकूण ५८,०००. फरक ५४,०००. हा फरक लहान बाजूला 'शिल्लक पुढे नेली' म्हणून लिहितात, त्यामुळे दोन्ही बाजूंची बेरीज १,१२,००० होते, आणि पुढच्या काळाच्या सुरुवातीला तीच रक्कम नावे बाजूला 'शिल्लक पुढे आणली' म्हणून येते. शिल्लक कुठल्या बाजूची, याचा गोंधळ झाला तर मोठी बाजू कुठली ते पाहा. शिल्लक त्याच बाजूची.

रोख खात्याची शिल्लक कधीच जमा निघत नाही. खिशात नसलेले पैसे कुणी देऊ शकत नाही. निघालीच, तर नोंद चुकली आहे. बँक खात्याची मात्र निघू शकते, तिला ओव्हरड्राफ्ट म्हणतात.

पाचवं काम: तेरीज, आणि न जुळलेल्या तेरजेचा शोध

सगळ्या खात्यांच्या शिलका दोन रकान्यांत मांडल्या की तेरीज पत्रक झालं. आपल्या धंद्याचं असं:

नावे: रोख ५४,०००, अवजारे ४०,०००, खरेदी ३०,०००, ऋणको २०,०००, भाडे ५,०००, उचल ३,०००. एकूण १,५२,०००.
जमा: भांडवल १,००,०००, धनको (ज्याचं देणं आहे तो, इथे पुरवठादार) २०,०००, विक्री ३२,०००. एकूण १,५२,०००.

जुळलं. पण परीक्षेत ते पहिल्या फटक्यात जुळेलच असं नाही, आणि न जुळलेलं पाहून सगळं उदाहरण खोडून पुन्हा सुरू करणं हा वेळ घालवायचा सगळ्यात महाग मार्ग. फरकाची रक्कमच बऱ्याचदा चूक कुठे आहे ते सांगते.

आधी बेरजा पुन्हा करा, पण या वेळी खालून वर. त्याच दिशेने केलेली बेरीज तीच चूक पुन्हा करते. मग फरकाएवढी रक्कम कुठल्या खात्याची शिल्लक आहे का ते शोधा, ते खातं उतरवायचं राहिलं असेल. नाही सापडलं तर फरक निम्मा करा. समजा ५,००० चं भाडं चुकून जमा रकान्यात गेलं. नावे बाजू १,४७,००० होईल, जमा १,५७,०००, फरक १०,०००. त्याचं निम्मं ५,०००, म्हणजे भाड्याची रक्कम. रक्कम चुकीच्या बाजूला पडली की फरक नेहमी तिच्या दुप्पट येतो.

तेही नसेल तर फरकाला ९ ने भाग जातो का पाहा. जात असेल तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झाली आहे. ऋणको खात्यात ३२,००० ऐवजी २३,००० चढले तर फरक ९,००० येतो. शेजारच्या दोन अंकांची जागा बदलली की फरक नेहमी ९ च्या पटीत पडतो, हवं तर कुठलीही संख्या घेऊन करून पाहा. शून्य गळालं तरी तेच: ५,००० चे ५०० झाले तर फरक ४,५००. मी शिकत असताना नेमक्या ४,५०० च्या फरकापायी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. त्या रकमेचा व्यवहार वहीभर शोधत होतो, आणि तसा व्यवहार उदाहरणात नव्हताच.

एवढं करूनही नाही मिळालं तर फरक सस्पेन्स अकाउंटला, म्हणजे चूक सापडेपर्यंतच्या तात्पुरत्या खात्याला, टाका आणि पुढे जा. परीक्षेत पुढच्या भागाचे गुण त्यापायी घालवू नका.

मात्र तेरीज जुळली म्हणजे हिशोब बरोबर, असं नव्हे. एखादा व्यवहार अजिबातच लिहायचा राहिला तर दोन्ही बाजूंना तो सारखाच गहाळ असतो. एका गिऱ्हाइकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर गेली तरी बेरीज तीच राहते. अवजारांच्या दुरुस्तीचा खर्च अवजारे खात्याला लावला तर तेरीज निमूट जुळते, पण खर्च कमी दिसतो आणि नफा फुगतो. या शेवटच्या प्रकाराला तत्त्वाची चूक म्हणतात, आणि चुकांच्या दुरुस्तीच्या प्रकरणात परीक्षकांचा तिच्यावर विशेष लोभ असतो.

सहावं काम: समायोजना आणि अंतिम खाती

इथपर्यंत आलेली मुलंही इथे गांगरतात, कारण उदाहरणाखाली बारीक अक्षरांत आणखी माहिती दिलेली असते. ती हिशोबात धरणं म्हणजे समायोजना. एक नियम धरून चला: तेरजेत असलेली बाब अंतिम खात्यांत एकदाच येते, तेरजेबाहेर दिलेली दोन ठिकाणी.

आपल्या धंद्यात वर्षाअखेर तीन गोष्टी कळल्या असं धरू. १०,००० चा माल शिल्लक आहे, अवजारांवर १० टक्के घसारा (वापरामुळे किमतीतली घट) लावायचा आहे, आणि १,००० भाडं द्यायचं राहिलं आहे.

व्यापार खातं: विक्री ३२,००० अधिक अखेरचा माल १०,०००, त्यातून खरेदी ३०,००० वजा. ढोबळ नफा १२,०००.
नफा-तोटा खातं: १२,००० मधून भाडं ६,००० आणि घसारा ४,००० वजा. निव्वळ नफा २,०००.
ताळेबंद, मालमत्ता: रोख ५४,०००, ऋणको २०,०००, माल १०,०००, अवजारं ३६,०००. एकूण १,२०,०००.
ताळेबंद, देणी आणि भांडवल: भांडवल १,००,००० अधिक नफा २,००० वजा उचल ३,००० म्हणजे ९९,०००, धनको २०,०००, देणं भाडं १,०००. एकूण १,२०,०००.

तिन्ही समायोजना दोन-दोन ठिकाणी कुठे गेल्या ते बोट ठेवून शोधा. भाडं पाच नव्हे तर सहा हजार का, हे दुसऱ्याला समजावून सांगता आलं तर उपार्जन तत्त्व तुम्हाला कळलं: खर्च ज्या काळाचा असतो त्या काळाला लागतो, पैसे दिले त्या दिवसाला नव्हे.

आता रोकड पाहा. १,००,००० ने सुरुवात, अखेरीस ५४,०००. रोकड ४६,००० ने घटली आणि तरी धंदा २,००० नफ्यात आहे. पैसे गेले कुठे? अवजारांत, पडून असलेल्या मालात, गिऱ्हाइकांकडच्या उधारीत. नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वाक्य पुस्तकात सगळेच वाचतात, पण या आकड्यांवर एकदा हात फिरवला की ते विसरायला होत नाही.

घसाऱ्याबद्दल एक. घसारा म्हणजे नवीन अवजार घेण्यासाठी बाजूला काढलेले पैसे नव्हेत. त्यात पैसा हलतच नाही. आधी खर्च केलेली किंमत, वस्तू जितकी वर्षं वापरायची त्या वर्षांवर वाटायची असते, ती ही वाटणी. सरळ रेषा पद्धतीत दुसऱ्या वर्षीही ४,०००, ऱ्हासमान शेष पद्धतीत उरलेल्या ३६,००० चे १० टक्के, म्हणजे ३,६००. प्रश्नात पद्धत कुठली दिली आहे ते वाचल्याशिवाय आकडे मांडू नका.

मधली प्रकरणं, झटपट

साहाय्यक पुस्तकं ही रोजकीर्दीचीच वाटणी आहे. उधारीची खरेदी एका वहीत, उधारीची विक्री दुसरीत, रोख तिसरीत. त्यांत नवं तत्त्व काही नाही. कसर म्हणजे सूट. व्यापारी कसर बिलातच वजा होते आणि तिची वहीत नोंद होत नाही, रोख कसरीची होते. बँक जुळवणीत एका शिलकेपासून निघा आणि प्रत्येक फरकाला एकच विचारा, हे दुसऱ्या वहीत कसं दिसत असेल? दिलेला पण न वटलेला धनादेश तुमच्या वहीत गेलेला असतो, बँकेला त्याचा पत्ताही नसतो.

सराव कसा करायचा

सोडवलेलं उदाहरण वाचणं म्हणजे सराव नव्हे. वर्गात झालेलं उदाहरण त्याच दिवशी, उत्तर झाकून, कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. अडलात तर एकच ओळ उघडून पाहा आणि परत झाका. आठवड्यातून एकदा रोजकीर्दीपासून ताळेबंदापर्यंत एक आख्खं लहान उदाहरण करा, आपल्या सायकलच्या धंद्याएवढं. प्रकरणं सुटी सुटी केली की आकडा कुठून आला आणि कुठे गेला ते दिसत नाही.

सॉफ्टवेअर नंतर. ते नावे आणि जमा सारखे असल्याशिवाय नोंद घेत नाही, पण चुकीचं खातं निवडलंत तर तुम्हाला अडवत नाही. एक-दोन महिने हाताने लिहून झाल्यावर तीच उदाहरणं स्प्रेडशीटमध्ये मांडायला हरकत नाही.

इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहताना ते कुठल्या नियमांवर बोलतात ते आधी बघा. अमेरिकी नियमांत मालाचं मूल्यांकन 'शेवटी आलेला आधी गेला' या पद्धतीने करायला परवानगी आहे, आंतरराष्ट्रीय मानकांत नाही. ताळेबंदही काही पुस्तकांत देणी डावीकडे ठेवून, काहींत उजवीकडे, तर काहींत एकाखाली एक असा मांडतात. परीक्षेला तुमच्या अभ्यासक्रमाचा नमुना चालतो, व्हिडिओतला नाही.

पेपर लिहिताना आकडेमोड वेगळ्या टिपांमध्ये दाखवा, घसाऱ्याची नक्की. उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असेल तर बऱ्याच ठिकाणी तिचे गुण मिळतात, पण ती कागदावर दिसली पाहिजे. ताळेबंद जुळला नाही तर शेवटच्या दहा मिनिटांत आधी समायोजना तपासा: कुठली एकाच ठिकाणी गेली आहे? त्यानंतर फरक निम्मा करा, मग ९ ने भागा.

सेमिस्टर संपत आलं की शेअर बाजारात नोंदलेल्या कुठल्याही कंपनीचा वार्षिक अहवाल उतरवून घ्या, तो सार्वजनिक असतो. सगळा वाचायची गरज नाही. ताळेबंदाचं पान काढा, मालमत्तेची बेरीज दुसऱ्या बाजूशी ताडून पाहा, मग नफ्याचा आकडा आणि रोख प्रवाह पत्रकातली रोजच्या कामकाजातून आलेली रोकड शेजारी शेजारी लिहा. दोन्हींत फरक पडला असेल तर तो माल, उधारी आणि घसारा यांपैकी कुठून आला, हे त्याच पत्रकाच्या वरच्या ओळींत शोधा.